कृष्णेचे दोन पावसाळे

मंडळी, विषय तुम्हाला ठाऊक आहे: कृष्णेचे खोरे आणि त्यातले दोन पावसाळे. पहिला जून ते ऑगस्टचा, पश्चिमेकडून येणारा; दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरचा, पूर्वेकडून येणारा. मला खरे बोलायचे आहे ते दुसऱ्या पावसाळ्याबद्दल. पण पहिला नीट समजल्याशिवाय दुसऱ्याचे महत्त्व कळत नाही, म्हणून सुरुवात घाटमाथ्यावरून करू. इथे बसलेले बहुतेक जण कृष्णाकाठचेच आहेत. नदी कुठे उगम पावते, कराडला कोण मिळते, नरसोबाच्या वाडीला कोण मिळते हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचे उगम सांगतात: कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटरवर आहे. सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली उतरते आणि सरळ त्या समुद्राला जाते. कृष्णा मात्र समुद्राकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. शेजारीशेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक काही तासांत समुद्रात पोचतो आणि दुसरा वाटेत धरणांत अडकला नाही तर कित्येक दिवस प्रवास करतो. सह्याद्रीचा माथा ही खरी हद्द. तिला आपण पाणलोटाची रेषा म्हणतो. आजचे सगळे बोलणे त्या रेषेला धरून आहे.

या रेषेच्या पूर्वेचे खोरे २,५८,९४८ चौरस किलोमीटरचे. त्यातला साधारण २७ टक्के भाग महाराष्ट्रात, ४४ टक्के कर्नाटकात आणि उरलेला तेलंगण-आंध्रात. पण नदीचे पावसाळी पाणी या आकड्यांच्या प्रमाणात येत नाही. ते मुख्यतः पश्चिमेच्या एका अरुंद पट्टीतून येते. ही पट्टी इतकी अरुंद का, हे एकदा आकड्यांनी बघू.

जुलैमध्ये कोकणात समुद्रावरून २८ अंशांची दमट हवा येते असे धरा. ती सह्याद्रीला धडकून वर चढू लागते. पहिली पाचशे मीटर ढग धरत नाही, तोवर ती दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. म्हणजे पाचशे मीटरवर २३ अंश. तिथे ढगाचा तळ लागतो. पुढे वाफेचे पाणी होताना उष्णता सुटते, त्यामुळे थंड होण्याचा वेग निम्म्यावर येतो, किलोमीटरला साडेचार अंश धरा. १,३०० मीटरच्या माथ्यावर हवा साधारण १९ अंशांवर पोचते आणि तिच्यातले बरेचसे पाणी पाऊस होऊन पडून जाते. आता ती वाईकडे उतरते. ढग विरला की उतरताना ती पुन्हा किलोमीटरला १० अंशांनी तापते. वाईच्या सातशे मीटरच्या उंचीवर ती २५ अंशांची झालेली असते. कोकणाच्या बाजूला याच उंचीवर ती २२ अंशांची होती. तीन अंशांनी गरम आणि कितीतरी कोरडी! अशी हवा पाऊस देत नाही, उलट उरलेले ढग पिऊन टाकते.

म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर, वीसेक किलोमीटरवर पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आणि घाट उतरून वाईला जेमतेम सातशे. कोल्हापूरकडे हाच खेळ गगनबावडा ते शिरोळ असा चालतो, साधारण दहा पट फरकाने. आणि आणखी पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटर पडले तर लोक वर्षाला नाव ठेवत नाहीत.

कोयनेचे भाग्य तिच्या दिशेत आहे. बाकीच्या नद्या माथ्यावरून निघून पूर्वेला पळतात, दहा-पंधरा किलोमीटरांत पावसाच्या पट्टीबाहेर पडतात. कोयना मात्र उगमापासून हेळवाकपर्यंत माथ्याच्या अगदी मागे, त्याला समांतर उत्तर-दक्षिण वाहते. माथा ओलांडून जो पाऊस सांडतो तो सगळ्या लांबीभर ती झेलते. मग हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळून कराडला कृष्णेला समोरासमोर भिडते. त्या वळणाजवळ धरण बांधले, याचे कारण नकाशा बघितला की बोटाने दाखवता येते. त्याच धरणाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडून वीज करता येते, कारण माथ्यापलीकडे कोकण पावणेपाचशे मीटर खाली आहे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी) मान्य केले. म्हणजे अरबी समुद्रातून आलेले पाणी काही महिने शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, थांबते आणि वासिष्ठीतून पुन्हा अरबी समुद्रात जाते.

आता माझी तक्रार. ती थोडी लांबेल, पण ती मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तक्रार आहे ती सरासरीबद्दल. पावसाळ्यात रोज सकाळी बातमी येते: ‘जिल्ह्यात सरासरी इतके मिलिमीटर पाऊस.’ या एका आकड्याने नदीकाठच्या माणसाची जितकी दिशाभूल होते तितकी कशानेच होत नाही.

सातारा जिल्हा घ्या. अकरा तालुके. समजण्यासाठी एक कल्पित दिवस मांडतो. महाबळेश्वर ३००, पाटण ७०, जावळी ६०, सातारा ३०, वाई १५, कराड १२, कोरेगाव ६, खंडाळा ४, खटाव २, फलटण १ आणि माण शून्य. बेरीज ५००, भागिले ११, सरासरी पंचेचाळीस मिलिमीटरच्या वर. जिल्ह्यात दमदार पाऊस! अकरापैकी आठ तालुक्यांत तो आकडा कोणी पाहिलेला नाही. माणमधला शेतकरी आभाळाकडे बघतो आहे आणि महाबळेश्वरला ओढे रस्त्यावर आले आहेत. सरासरीचा पाऊस खरोखर ज्या गावात पडला ते गाव शोधायला निघालात तर घाटाच्या उतारावर एखादी अरुंद पट्टी सापडेल, आणि तिथल्या लोकांना आपण सरासरीत राहतो याची कल्पनाही नसेल.

बरे, ही सरासरी गणित म्हणूनही चुकीची आहे. महाबळेश्वर तालुका क्षेत्राने लहान, माण-खटाव मोठे. अकराही तालुक्यांना सारखे वजन दिले की लहान तालुक्याचा पाऊस जिल्हाभर पसरतो. प्रत्येक केंद्राला त्याच्या भोवतीच्या क्षेत्राचे वजन द्यायला हवे. त्याला थिसेन बहुभुज पद्धत म्हणतात. शेजारच्या केंद्रांना रेषेने जोडायचे, त्या रेषांच्या मध्यावर लंब काढायचे, प्रत्येक केंद्राभोवती जो तुकडा तयार होतो त्याचे क्षेत्र मोजायचे. आलेख कागदावर एका दुपारचे काम आहे. पण घाटात तीही पुरत नाही. तिथे दोन केंद्रांच्या मधोमध पाऊस निम्म्याने उतरलेला असतो, म्हणून समपर्जन्य रेषा, म्हणजे सारखा पाऊस झालेल्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढून त्यांच्या मधल्या पट्ट्यांचे क्षेत्र धरावे लागते.

आणि सगळ्यात मोठी चूक ही की पाणी तालुक्याची हद्द ओळखत नाही. पाथरपुंज हे गाव घ्या. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत ते मोडते. गाव पाटण तालुक्यात, म्हणून त्याचा पाऊस सातारा जिल्ह्याच्या तक्त्यात. पाणी मात्र जाते वारणेला, चांदोली धरणात. कोयनेच्या तक्त्यात पाथरपुंज शोधणारा आणि चांदोलीच्या पाण्याचा अंदाज साताऱ्याचा पाऊस न बघता बांधणारा, दोघेही चुकतात. महाबळेश्वरलाही तसेच. एकाच तालुक्यातला पाऊस कृष्णा, वेण्णा, कोयना, सोळशी आणि पश्चिमेला सावित्री, इतक्या दिशांना वाटला जातो. जिल्ह्याची हद्द शेतसारा गोळा करायला आखली, पुराचे गणित करायला नव्हे.

आता आकडा मुळात येतो कुठून, तेही बघू. साधा पर्जन्यमापक म्हणजे वर गोल तोंड, खाली नरसाळे आणि आत बाटली. तोंडाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर आणि अगदी सपातळीत हवी. आसपासचे झाड किंवा भिंत जितकी उंच, किमान त्याच्या दुप्पट अंतरावर मापक हवा. सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी मोजायच्या नळीत ओतायचे. आता चुका ऐका. तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असेल तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. तोंड १०० चौरस सेंटिमीटरचे असेल तर १० मिलिलिटर. फुटलेल्या नळीच्या जागी दुसऱ्या मापाची नळी आली की त्या दिवसापासून गावाचा पाऊस दुप्पट किंवा निम्मा होतो, आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. शेजारच्या दोन केंद्रांशी बेरीज ताडून पाहिली की हा दोष लगेच उघडा पडतो. सतत तोच गुणाकार दिसतो.

दुसरी चूक बाटलीची. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला ४ लिटरची बाटली म्हणजे २०० मिलिमीटरपर्यंतच जागा. घाटात एका रात्रीत तेवढे पडते. पाणी बाटलीबाहेर मापकाच्या तळात साचते आणि घाईत कोणी ते मोजत नाही. म्हणून घाटात लहान तोंड आणि मोठी बाटली लावायची, आणि जोराच्या पावसात रात्री एकदा मोजून बाटली रिकामी करायची. सकाळच्या आकड्यात ते मिळवायचे, विसरायचे नाही. आपोआप मोजणाऱ्या यंत्रात छोटी पळी भरली की उलटते आणि एक ठोका नोंदते. मुसळधार पावसात पळी उलटत असताना पडलेले पाणी मोजणीतून सुटते. नरसाळ्यात एक पान अडकले तर पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास ठोके पडत राहतात, आणि तक्त्यात संथ रिमझिम दिसते. माथ्यावरच्या वाऱ्यात तर थेंब तोंडावरून आडवे निघून जातात, त्यामुळे खरा पाऊस नोंदीपेक्षा जास्तच असतो.

तिसरी गोष्ट तारखेची. साडेआठ ते साडेआठचा पाऊस मोजणीच्या दिवशी नोंदतात. २५ तारखेच्या नोंदीतला पाऊस मुख्यतः २४ तारखेला पडलेला असतो. धरणाची आवक मात्र तासावारी असते. हे दोन तक्ते तसेच शेजारी ठेवले की पाऊस पडायच्या आधी धरण फुगलेले दिसते!

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. नुकसानभरपाई या आकड्यावर ठरते. एका पानाची आणि एका नळीची किंमत किती, हे त्यावरून समजून घ्या.

हे सगळे सांभाळले की नदीकाठच्या माणसाला उपयोगी पडेल असे गणित हाती येते. १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. कोयना धरणाचा पाणलोट, म्हणजे ज्याचे पाणी धरणात येते ते क्षेत्र, सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर सगळीकडे १०० मिलिमीटर पडले तर ८ कोटी ९२ लाख घनमीटर, म्हणजे सव्वातीन टीएमसीला थोडे कमी. जुलैअखेर जमीन पूर्ण भिजलेली असते, पाचात चार हिस्से पाणी वाहून येते, तर अडीच टीएमसी धरा. कोयना, नवजा, महाबळेश्वर ही तीन केंद्रे रोज छापून येतात. तिघांची सरासरी मात्र पुन्हा वजन देऊन काढा.

आणि क्युसेक व टीएमसी यांची गल्लत करू नका. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. तो वेग आहे, टीएमसी हा साठा. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की १ टीएमसी होतो. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले अशी बातमी आली की काठावर धडधड सुरू होते. दिवसभरात ते ०.१८ टीएमसी होते. पात्रातच राहते. १ लाख क्युसेक दिवसभर चालले तर मात्र ८.६४ टीएमसी, आणि ते पाणी कुठे मावणार हा प्रश्न कराडपासून खाली प्रत्येक गावाचा असतो. कराडच्या खाली नदी सपाटीला लागते. कराड समुद्रसपाटीपासून सुमारे ५६५ मीटरवर, सांगली साडेपाचशेच्या आसपास. मध्ये नदी शंभर किलोमीटर तरी वळणे घेत जाते. पाणी पळणार कसे? ते वर चढते. सांगलीच्या आयर्विन पुलावर इशारा ४० फुटांना, धोका ४५ला. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेले. पंचगंगा शिरोळ तालुक्यात कृष्णेला मिळते तिथे तर कृष्णा आधीच फुगलेली असते, म्हणून पंचगंगेचे पाणी मागे रेटले जाते आणि कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडली जाते. कुरुंदवाड-शिरोळच्या माणसाच्या अंगणात पाणी येते तेव्हा त्याच्या डोक्यावर पाऊस असेलच असे नाही. तो पाऊस आदल्या दिवशी गगनबावडा, राधानगरी, दाजीपूरला पडलेला असतो. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या ५१९.६० मीटर पातळीचा वाद मला माहीत आहे, त्यात आज शिरलो तर रात्र इथेच होईल.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली, आणि ज्यासाठी उभा राहिलो ते अजून राहिलेच आहे. वेगाने सांगतो.

आतापर्यंतचा सगळा पाऊस पश्चिमेच्या समुद्राचा, जून-जुलै-ऑगस्टचा. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, हे घाटाचे दिवस. पण खोऱ्याचा मोठा पोटाचा भाग, माण-आटपाडीपासून सोलापूर, विजापूर, रायचूर, कर्नूलपर्यंत, याला जुलैत फारसे मिळत नाही. तिथे सर्वांत जास्त पावसाचा महिना सप्टेंबर. उत्तरा आणि हस्त. हा पाऊस बंगालच्या उपसागरावरच्या कमी दाबांमुळे पूर्वेकडून येतो, दुपारी तापून संध्याकाळी गडगडत. शाळू यावरच पेरतात. सह्याद्रीने अडवलेल्या हवेशी त्याचा संबंध नाही. तो वेगळा पावसाळा आहे.

या पट्ट्यात पहिला पाऊस काळ्या मातीच्या भेगांत जिरतो, ओढ्याला पाणीच येत नाही, म्हणून आपण त्याला पुराच्या गणितात धरत नाही. पण सप्टेंबरात माती एकदा भिजून भेगा बुजल्या आणि मग एक कमी दाबाचे क्षेत्र दोन-तीन दिवस ठाण मांडून बसले, तर तीच काळी माती पाणी आत घेत नाही. क्षेत्र प्रचंड असते. घाटाची पट्टी काही हजार चौरस किलोमीटरची, इथे लाखाच्या वरचा हिशेब.

२००९ सालचे सप्टेंबरअखेरचे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचे दिवस आठवा. उत्तर कर्नाटक आणि रायलसीमात पाऊस झाला, २ ऑक्टोबरला कर्नूल शहर पाण्याखाली गेले, श्रीशैलम धरणात २५ लाख क्युसेकच्या वर आवक नोंदली गेली. त्या वेगाने पाणी दिवसभर आले तर २१६ टीएमसी होते. कोयनेसारखी दोन धरणे एका दिवसात! आणि हे कुठून आले? खोऱ्यातल्या अवर्षणाच्या पट्ट्यातून. तेव्हा पावसाळा संपल्यातच जमा होता आणि धरणे बहुतेक भरलेली होती. २०२०च्या १३-१४ ऑक्टोबरला एकाच कमी दाबाच्या पट्ट्याने हैदराबादला मुशीचा पूर आणला आणि तो पुढे सरकून सोलापूर-पंढरपूरला भीमेचा. ही तिन्ही शहरे कृष्णेच्याच खोऱ्यात.

भीमेवरचे उजनी हे तर दोन पावसाळ्यांचे धरण आहे. ११७ टीएमसीचा जलाशय कमी पावसाच्या प्रदेशात, आणि भरतो तो पुणे जिल्ह्याच्या घाटावरच्या पहिल्या पावसाळ्याने: मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, घोड. मृत साठाच ६३ टीएमसीच्या वर, म्हणून उन्हाळ्यात ‘उणे’ टक्केवारी छापून येते. पाणी असते, फक्त दारांच्या खाली. आता असे धरण सप्टेंबरच्या मध्याला काठोकाठ भरून ठेवले तर दुसऱ्या पावसाळ्याला जागा कुठे? रिकामे ठेवले आणि हस्त कोरडा गेला तर शेतकऱ्याला उत्तर काय? धरण भरण्याचा आराखडा पहिल्या पावसाळ्याच्या सवयीने आखतात: ऑगस्टअखेर जवळजवळ भरायचे. माझे म्हणणे इतकेच की सप्टेंबर १५ ते ऑक्टोबर १५ या महिन्याचा वेगळा आराखडा हवा, आणि तो बंगालच्या उपसागराकडे बघून रोज बदलता यायला हवा. कमी दाब किनारा ओलांडून सोलापूरपर्यंत यायला एक-दोन दिवस घेतो. तेवढ्या वेळात ५० हजार क्युसेकने सव्वाचार ते साडेआठ टीएमसी जागा करता येते. पंढरपूरच्या वाळवंटात त्याने किती फरक पडेल, ते तिथल्या नदीघाटावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा.

काम आपल्या हातातलेही आहे. पाणलोटाच्या नकाशावर आपली उपनदी शोधा, तिच्या माथ्यावरची दोन-तीन केंद्रे आणि त्यांची क्षेत्रे लिहून ठेवा, रोज मिलिमीटर गुणिले चौरस किलोमीटर करा. माणगंगा, येरळा, अग्रणी, सीना यांचेही करा, त्यांना कोरड्या नद्या म्हणून वगळू नका. आणि ज्यांच्या अंगणात पर्जन्यमापक आहे त्यांना हात जोडून विनंती. गणपती विसर्जन झाले की बाटली धुऊन माळ्यावर टाकू नका. दिवाळीपर्यंत रोज साडेआठला मोजा, शून्य असेल तर शून्य लिहा.